पणजीचं माहेर मेक्सिको

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोपासून उत्तरेला गाडीनं तासभर गेलं की युबा सिटी लागते. पीच, आलुबुखार, अक्रोड आणि भाताचा हा मुलूख. इथल्या शाळांच्या हजेरीपटावर सिंग आडनावं चिक्कार. त्यातली बहुतेक मुलं गेल्या पन्नास-साठ वर्षांत पंजाबातून आलेल्या घरांतली. पण अधूनमधून एखादी सिंग वेगळीच निघते. केस पिंगट, पंजाबी ओ की ठो येत नाही, रविवारी कधी चर्चमध्ये तर कधी कुठेच नाही. तिचं वंशाचं गणित साधारण असं असतं: पणजोबा जालंधर-होशियारपूरकडचे शेतकरी, पणजी मेक्सिकोची, आजोबा अर्धे-अर्धे. आजोबांनी गोऱ्या घरातली मुलगी केली, पुढे वडिलांनीही तेच केलं. म्हणजे मुलीच्या वाट्याला पंजाब एक अष्टमांश, मेक्सिको एक अष्टमांश आणि उरलेला सगळा युरोप.

ही कुणी एक मुलगी नव्हे. अशी घरं कॅलिफोर्नियात बरीच आहेत, आणि चौथ्या पिढीला पोचेपर्यंत गणित बहुधा असंच कुठेतरी येऊन थांबतं. अशी मुलगी पंधराव्या-सोळाव्या वर्षी एके दिवशी जाहीर करते, की मी मेक्सिकन आहे. शाळेत स्पॅनिशचा वर्ग घेते, पणजीचा फोटो मोठा करून खोलीत लावते. घरचे हसतात. वर्गातल्या खऱ्याखुऱ्या मेक्सिकन मुली भुवया उंचावतात. आणि आपल्यासारखा भारतीय माणूस विचारतो, की अगं, आडनाव सिंग आहे ना तुझं? मग मेक्सिको कुठून काढलंस?

मला वाटतं, त्या मुलीचं बरोबर आहे. ते का, हे सांगायचं तर शंभर वर्षं मागं जावं लागेल.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात सहा-सात हजार हिंदुस्थानी माणसं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. बहुतेक पंजाबी, त्यात शीख फार, थोडे मुसलमान, थोडे हिंदू. कित्येक ब्रिटिश फौजेत किंवा पोलिसांत चाकरी करून आलेले. धर्म कुठलाही असो, अमेरिकेत सगळ्यांना एकच नाव पडलं, ‘हिंदू’. लाकडाच्या गिरण्या, रेल्वेचे रूळ, मग शेती. बायका बरोबर नव्हत्याच. चार पैसे गाठीला बांधून परतायचं, असाच बहुतेकांचा बेत होता. पण १९१७ च्या कायद्यानं आशियाच्या बहुतेक भागातून येणाऱ्यांना दार बंद झालं. आता गावी गेलं तर परत येता येईना, आणि गावाहून बायको आणता येईना. अडकलेले हे पुरुष तिशी-चाळिशीचे होते.

यातले बरेच जण मेक्सिकोच्या सरहद्दीला लागून असलेल्या इम्पीरियल व्हॅलीत गेले. समुद्रसपाटीच्याही खाली असलेलं हे वाळवंट कोलोरॅडो नदीचं पाणी कालव्यानं आणून विसाव्या शतकाच्या आरंभी ओलिताखाली आलं. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीच्या वर. इथे कापूस पिकायला लागला आणि कापूस वेचायला माणसं हवी होती. त्याच सुमाराला, १९१० मध्ये, मेक्सिकोत क्रांतीचा भडका उडाला. घरंदारं सोडून मेक्सिकन कुटुंबं सरहद्द ओलांडून आली. बऱ्याच घरांत कर्ता पुरुष नव्हता. एखादी विधवा आई आणि तिच्या वयात आलेल्या मुली कापसाच्या शेतात वेचणीला, आणि शेत खंडानं घेतलेला पंजाबी सरदार मुकादमाच्या जागी. पुढचं सांगायला नको.

पहिली लग्नं १९१६-१७ च्या आसपासची. एका बहिणीचं झालं की दुसरीचं तिच्या नवऱ्याच्या भागीदाराशी व्हायचं. कधी तर मुलीपाठोपाठ आईनंही दुसऱ्या पंजाब्याशी घर मांडलं. कॅरन लेनर्ड या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्नियातल्या जिल्ह्याजिल्ह्याच्या कचेऱ्यांतून लग्नाच्या नोंदी उकरल्या, म्हाताऱ्या माणसांशी बोलल्या आणि १९९२ मध्ये या समाजावर पुस्तक काढलं. त्यांच्या नोंदींत शतकाच्या पूर्वार्धातल्या अशा पावणेचारशेच्या आसपास जोड्या आहेत आणि त्यातल्या दहापैकी आठ बायका स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतल्या. बाकी गोऱ्या, काळ्या, थोड्या हिंदुस्थानी.

या लग्नांचा परवाना कसा मिळायचा ते पाहण्यासारखं आहे. कॅलिफोर्नियात गोऱ्यांनी इतर वंशांत लग्न करायला बंदी होती. ती १९४८ मध्ये न्यायालयानं उठवली. कचेरीतल्या कारकुनापुढे जोडपं उभं राहिलं की तो दोघांच्या तोंडाकडे पाहून अर्जातला वर्णाचा रकाना भरणार. मेक्सिकन माणूस कायद्याच्या कागदावर गोरा होता, कारण अमेरिका-मेक्सिकोतल्या १८४८ च्या तहातून तसा अर्थ काढला गेला होता. पंजाबी माणूस नेमका काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारकुनाला मुलगी जरा उजळ वाटली की परवाना नाकारला. मग जोडपं दुसऱ्या जिल्ह्यात, नाहीतर शेजारच्या ॲरिझोनात. बहुतेक ठिकाणी मात्र कारकुनानं दोघांपुढेही एकच शब्द लिहिला, ब्राऊन, आणि शिक्का मारला. हजारो मैलांवरच्या दोन मुलखांतली, एकमेकांची भाषा धड न कळणारी माणसं सरकारी दौतीतल्या एका शब्दानं एका जातीची झाली.

त्यानंतर १९२३ चा थिंड खटला. भगतसिंग थिंड हा अमेरिकी लष्करात नोकरी केलेला शीख. मी आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणून गोरा, म्हणून नागरिक व्हायला पात्र, असा त्याचा दावा. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, वंशशास्त्र काय म्हणतं ते बाजूला ठेवा. चारचौघं ज्याला गोरा म्हणतात तोच गोरा. झालं! हिंदुस्थानी माणूस नागरिकत्वाला अपात्र ठरला आणि अपात्र परदेशी म्हणून कॅलिफोर्नियाच्या १९१३ च्या जमीन कायद्याच्या कचाट्यातही आला. आता जमीन घेता येईना, खंडानं करणंही मुश्कील. तेव्हा काही जण जमीन अमेरिकेत जन्मलेल्या आपल्या मुलांच्या नावावर करायचे आणि कोर्टातून त्यांचे पालक म्हणून नेमणूक करून घ्यायचे. पाळण्यातलं पोर कागदोपत्री जमीनदार आणि बाप त्याचा कारभारी.

पंजाबी-मेक्सिकनांच्या गोष्टी आपल्याकडे सांगितल्या जातात त्या इथपर्यंत येऊन संपतात. शूर पंजाबी, दुष्ट कायदा, हिकमतीनं काढलेली वाट. त्यात बाई येते ती ‘मग त्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली’ एवढ्या वाक्यापुरती. माझा आक्षेप इथेच आहे.

घर कसं चालायचं ते बघा. बाप पहाटेपासून शेतात. मुलं आईपाशी, मावशीपाशी, आजीपाशी. बोलणं स्पॅनिश. बापानं मजुरांशी व्यवहार करता करता मोडकीतोडकी स्पॅनिश उचललेली, आणि घरातही तो तीच बोलायचा. पंजाबी मुलांच्या कानावर पडायची ती बापाचे मित्र जमले की. आणि मित्रही घरातच असायचे, कारण भागीदारीत शेती करणाऱ्या दोघा-तिघांचा संसार एकाच छपराखाली चालायचा. त्यातला एखादा कायमचा बिनलग्नाचा ‘काका’. मुलांना चर्चमध्ये नेऊन बाप्तिस्मा आई द्यायची. बाप आपल्या धर्माला धरून राही, पण मुलांच्या धर्माच्या वाटेला जात नसे. बाप्तिस्म्याला मानलेले आईबाप लागतात, तर दुसरं जोडपं उभं राहायचं, त्यातला पुरुष पुन्हा पंजाबी. शीख माणूस कॅथलिक पोराचा धर्मपिता! चर्चच्या वहीत त्याचं नाव स्पॅनिश वळणानं पडायचं. मघरचा मिगेल, इंदरचा आंद्रेस. मुलांची नावं तर वाचतच राहावीत अशी: होसे अकबर खान, मारिया हेसुसिता सिंग.

स्वयंपाकघरात मात्र देवाणघेवाण झाली. टॉर्टिया थापणाऱ्या हाताला रोटी जड गेली नाही आणि मिरची दोघांच्याही ओळखीची. कोंबडीचा रस्सा बाप आणि काका मंडळींनी शिकवला, बायका करू लागल्या. या घरगुती जेवणाला पुढे युबा सिटीत हॉटेल मिळालं. रसूल्स एल रांचेरो १९५४ मध्ये निघालं, मालक पंजाबी मुसलमान आणि मेक्सिकन बायको. तिथला नावाजलेला पदार्थ रोटी केसाडिया: रोटीच्या पोटात चीज, कांदा, मांसाचे धागे, आणि जोडीला रस्सा. १९९३ मध्ये हॉटेल बंद झालं. हल्ली अमेरिकेतल्या शहरी खानावळी ‘फ्यूजन’ म्हणून असलं काहीबाही दामदुप्पट दरानं विकतात, ते वेगळं.

सगळं गोडीगुलाबीचं होतं असंही नाही. वयातलं अंतर मोठं, स्वभाव तापट, घटस्फोट त्या काळाच्या मानानं बरेच. मेक्सिकन समाजातल्या पुरुषांना आपल्या मुली ‘हिंदूं’नी पळवल्याचा राग. काही पंजाब्यांची पहिली बायको गावाकडे वाट पाहत बसलेली. त्या बायकांबद्दल तर आपण अजून बोललोच नाही.

मग मुलांचं काय? शाळेत गोरी पोरं ‘डर्टी हिंदू’ म्हणून हिणवत, मेक्सिकन पोरंही पुरती आपलं म्हणत नसत. त्यांना एक नाव पडलं, ‘हाफ अँड हाफ’. गंमत अशी, की स्पॅनिश बोलणारी, कॅथलिक, कधीही हिंदुस्थान न पाहिलेली ही मुलं मोठेपणी स्वतःला ‘हिंदू’ म्हणवत. लेनर्डबाईंनाही ते ठळकपणे जाणवलं. बाप जमीन कसणारा, मेक्सिकन म्हणजे मजूर. त्या खोऱ्यात ‘हिंदू’ म्हणवण्यात दोन बोटं उंची होती. शिवाय दूरच्या देशाबद्दल बाप जे काय सांगेल ते खरं, पडताळायला जातो कोण? आईचा देश रोज चुलीपाशी होता. रोजच्या गोष्टीचा कुणी अभिमान मिरवत नाही.

सरकारनंही हातभार लावला. १९२० ते १९४० च्या अमेरिकी जनगणनांत ‘हिंदू’ हा चक्क एक वंश होता. १९३० मध्ये ‘मेक्सिकन’ हाही वंश म्हणून घातला गेला. मेक्सिको सरकारनं निषेध केल्यावर पुढच्या खेपेला काढला. १९३० च्या गणनेत मोजणाऱ्यांना सूचना अशी होती, की आईबाप दोघेही गोरे नसून वेगवेगळ्या वंशांचे असतील तर मुलाचा वंश सर्वसाधारणपणे बापाचा धरावा. म्हणजे आईनं बाळाला पाजलं, बोलायला शिकवलं, प्रार्थना शिकवली, आणि दारावर आलेल्या माणसानं वहीत लिहिलं: हिंदू. आपल्याकडे जातीचा दाखला काढायला वडिलांकडचे कागद मागतात, तेव्हा हा प्रकार मराठी वाचकाला अगदीच परका वाटू नये.

आणखी एक कागदी नुकसान झालं. स्पॅनिश रिवाजात माणसाला दोन आडनावं असतात, आधी बापाचं, मग आईचं. लग्नानंतर बाई आपलं आडनाव टाकत नाही. या मुली मेक्सिकोतच राहिल्या असत्या तर त्यांच्या मुलांच्या नावात आजोळ पिढीभर तरी टिकलं असतं. अमेरिकेत एकाच आडनावाचा रिवाज. आईचं आडनाव बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर राहिलं आणि शाळेच्या पटावरून गळालं. सिंग तेवढा उरला.

१९४६ मध्ये हिंदुस्थानींना नागरिकत्व मिळण्याची सोय झाली आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटाही. दहा वर्षांनी याच इम्पीरियल व्हॅलीत शेती केलेले दलीपसिंग सौंद काँग्रेसवर निवडून गेले. फाळणीचे पडसादही इथे उमटले; मुसलमान घरांनी सॅक्रामेंटोत स्पॅनिश-पाकिस्तानी क्लब काढला. हे नाव वाचून हसू येतं खरं, पण त्या कुटुंबांच्या दृष्टीनं त्यात विसंगत काहीच नव्हतं.

१९६५ च्या कायद्यानं दार सताड उघडलं आणि खरी पंचाईत झाली. पंजाबातून अख्खी कुटुंबं येऊ लागली. युबा सिटीत मोठा गुरुद्वारा उभा राहिला. नव्यांना हे जुने ‘हिंदू’ दिसले ते दाढी-पगडी नसलेले, रविवारी चर्चला जाणारे, पंजाबी न येणारे. नव्यांच्या लेखी हे पंजाबी नव्हतेच. काही ठिकाणी पंजाबातल्या पहिल्या घरच्या वारसांनी इथल्या जमिनीवर हक्क सांगितला. उभा जन्म ‘हिंदू’ म्हणवून घेतलेल्या माणसांना साठीत कळलं, की आपण तसे नाही. सत्तरच्या दशकात जुन्या मंडळींनी नाताळच्या दिवसांत नाचाचा मेळावा भरवायला सुरुवात केली, ती काही अंशी या दुराव्यामुळे. पुढे तोही ओसरत गेला.

आता त्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीकडे येऊ. तिच्या आजोबांनी बापाचा वारसा धरला, तो नवीन लोकांनी काढून घेतला. वडिलांना दोन्हींशी देणंघेणं नव्हतं. ही तिसराच धागा ओढते आहे.

ती एकटी नाही आणि तिच्या वाटेला अडथळेही आहेत. पाहणी करणाऱ्या प्यू संस्थेनं २०१७ मध्ये याचे आकडे दिले. हिस्पॅनिक पूर्वज असलेल्या अमेरिकी प्रौढांपैकी परदेशात जन्मलेले ९७ टक्के स्वतःला हिस्पॅनिक म्हणवतात. दुसऱ्या पिढीत ९२, तिसऱ्या पिढीत ७७, आणि चौथ्या व त्यापुढच्या पिढ्यांत जेमतेम ५०. म्हणजे चौथ्या पिढीत नाणेफेक. आपली मुलगी त्या पिढीतली, आणि तिच्याकडे तर आडनावाचाही आधार नाही. कुणी गार्सिया असता तर कुणी विचारलं नसतं.

भाषेची अडचण मोठी. स्पॅनिश न येणाऱ्या लॅटिनो मुलांना अमेरिकेत ‘नो साबो किड’ म्हणतात. ‘मला माहीत नाही’ हे सुद्धा चुकीच्या व्याकरणात बोलणारं पोर, असा त्यातला टोमणा. प्यूनंच २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत स्पॅनिश फारशी न येणाऱ्या निम्म्याहून अधिक लॅटिनोंनी सांगितलं, की दुसऱ्या लॅटिनोंनी त्यावरून आपल्याला खजील केलं. त्याच पाहणीत चारांतल्या तिघांहून अधिक लोक म्हणतात, लॅटिनो असायला स्पॅनिश आलीच पाहिजे असं नाही. तत्त्व एक आणि टिंगल दुसरी. न्यू जर्सीत वाढलेल्या आणि तुटक मराठी बोलणाऱ्या आपल्या भाचरांना महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कोण काय ऐकवतं, ते आठवा.

दुसरा अडथळा संशयाचा. कॉलेजच्या अर्जात हिस्पॅनिक चौकटीवर खूण केली की फायदा होतो, म्हणून मुलं खापरपणजी शोधून काढतात, असं अमेरिकेत उघड बोललं जाई. त्यात तथ्य अजिबात नव्हतं असं म्हणता येणार नाही. तिथे आपल्यासारखा दाखला, पडताळणी समिती असलं काही नाही. तुम्ही सांगाल ते. काही ठिकाणी मात्र अपूर्णांक लागत. कॉलेज बोर्डाच्या हिस्पॅनिक विद्यार्थ्यांच्या गौरव योजनेत किमान एक चतुर्थांश वंश असावा अशी अट असे. आपली मुलगी एक अष्टमांश, म्हणजे तिथे नापासच. आणि जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायलाच मनाई केली. फायद्याचा मुद्दा त्यामुळे बराचसा निकालात निघाला. तरीही जी मुलं पणजीला शोधतात, ती कशासाठी शोधतात, हे आता जरा स्वच्छ दिसतं.

सरकारी व्याख्या तशी उदार आहे. हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिश संस्कृतीचा किंवा मुळाचा माणूस. अपूर्णांकाची अट नाही.

रक्ताचं आणि वाढण्याचं नातं तपासायचं तर मराठी माणसाला घरचंच उदाहरण आहे. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे. वीणा गवाणकरांच्या पुस्तकामुळे ते मराठी वाचकाला परके नाहीत. गदर चळवळीच्या दिवसांत ते याच पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी मजुरांमध्ये वावरले, शेतीशास्त्र शिकले, आणि जगभर भटकून १९२४ मध्ये मेक्सिकोत पोचले. चापिंगोच्या कृषिशाळेत शिकवलं, मक्यावर संशोधन केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या. दिएगो रिव्हेरानं शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवरच्या चित्रात त्यांना रंगवलं. पत्नी बेल्जियन. सावित्री आणि माया या दोन्ही मुली वाढल्या मेक्सिकोत. या मुलींच्या अंगात मेक्सिकन रक्ताचा थेंब नाही, पण बालपण सगळं स्पॅनिश बोलणाऱ्या मुलखातलं. युबा सिटीच्या मुलीकडे रक्ताचा अष्टमांश आहे आणि बालपण इंग्रजी. त्या बहिणींत आणि हिच्यात मेक्सिको जास्त कुणात, हा वाद अपूर्णांकानं सुटणारा नाही.

मग ती मुलगी करते काय? बऱ्याच जणी सुरुवात करतात किन्सेन्येरापासून, म्हणजे पंधराव्या वाढदिवसाच्या सोहळ्यापासून, कारण ते वय हाताशी असतं. सकाळी चर्चमध्ये प्रार्थना, संध्याकाळी मेजवानी. घेरदार झगा, डोक्यावर छोटा मुकुट. केक एका मानलेल्या मावशीचा, वाजंत्री दुसऱ्या काकांची, हार तिसऱ्यांचा, असा खर्च वाटून घ्यायची रीत. बाप खुर्चीशी गुडघा टेकून मुलीचे सपाट बूट काढतो आणि टाचांचे घालतो. मग पहिला नाच त्याच्याबरोबर. आता चौथ्या पिढीच्या घरात हे घालायचं तर आधी कुणालाच काही माहीत नसतं. वडिलांना नाच शिकावा लागतो. गोऱ्या आईला मानलेल्या मावश्या गोळा कराव्या लागतात. त्या निमित्तानं इम्पीरियल व्हॅलीतल्या एल सेंट्रोकडच्या दूरच्या नातेवाइकांना पहिल्यांदा फोन जातो. झग्यावर पैसा उडवणारे हौशी पुष्कळ, त्यांच्यासाठी मी वकिली करणार नाही. पण हा फोन मला महत्त्वाचा वाटतो.

दुसरा प्रसंग नोव्हेंबरचा. एक आणि दोन तारखेला मेक्सिकोत मृतांचा सण असतो. घरात ओटा मांडून गेलेल्यांचे फोटो, आवडीचं खाणं, मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं. आपण दसऱ्या-दिवाळीला दारावर बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोचाच. समुद्रमार्गे आपल्याकडे आला आणि इतका मुरला की त्याच्याशिवाय तोरण होत नाही. युबा सिटीत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी नगरकीर्तनाची भली मोठी मिरवणूक निघते, १९८० पासून. म्हणजे त्याच आठवड्यात. पणजीसाठी मांडलेल्या ओट्यावर पणजोबाही आले, की नगरकीर्तनाच्या वाटेवर फुकट वाटले जाणारे पकोडे नैवेद्याला चालावेत. अशी सरमिसळ रंगमंचावरही झाली आहे: सॅन फ्रान्सिस्कोतल्या कलावंतांनी २०१० मध्ये भांगडा आणि मेक्सिकन लोकनृत्य एकत्र गुंफून ‘हाफ अँड हाव्ज’ नावाचा कार्यक्रम केला होता. हिणवायला वापरलेलं नाव त्यांनी तिकिटावर छापलं.

मुलीनं पंजाब टाकून मेक्सिको का धरावा, हा प्रश्न भारतीय वाचकाला सलेल. टाकते कुठे? पंजाब तिच्या आडनावात आहे, गावातल्या संग्रहांत आहे, डेव्हिसच्या विद्यापीठानं पंजाबी पूर्वजांचा उभारलेला संगणकीय संग्रह आहे. पंजाब सांभाळायला गुरुद्वारे आहेत, देणगीदार आहेत, भारतातून येणारे आमच्यासारखे लिहिणारे आहेत. पणजीला कुणी नाही. मेक्सिकन इतिहासकारांच्या लेखी ती परक्याशी लग्न करून गेलेली, पंजाबी इतिहासकारांच्या लेखी ती पूर्वजाची अडचण भागवणारी. तिला ही अष्टमांश पणती तेवढी उरली आहे.

२०२४ मध्ये अमेरिकी सरकारनं ठरवलं, की वंश आणि हिस्पॅनिकत्व हे दोन वेगळे प्रश्न न विचारता एकच प्रश्न विचारायचा आणि लागू पडतील तितक्या चौकटींवर खूण करू द्यायची. २०३० च्या जनगणनेला ते टिकलं, तर ही मुलगी स्वतःचा अर्ज स्वतः भरेल आणि एकाच प्रश्नाखाली तीन खुणा करेल. मोजणाऱ्याला तिच्या तोंडाकडे पाहायचं कारण उरणार नाही.

या अंकाचे वाचक कॅलिफोर्नियातही आहेत. मराठी घरांत आता मेक्सिकन, फिलिपिनो, पोर्तो रिकन सुना-जावई आलेत, नातवंडंही झालीत. अशा घरांतल्या मंडळींना विनंती एवढीच, की बारशाच्या दिवशी बाळाच्या नावापुढे आपलं आडनाव लावाल तेव्हा दुसऱ्या आजीचं माहेरचं आडनाव, तिचं गाव आणि तिच्या आईचं नाव कुठेतरी लिहून ठेवा. शक्यतो तिच्याच हातानं, तिच्याच लिपीत. आणि युबा सिटीकडे जाणं झालं, कुणी म्हाताऱ्या सिंगबाई भेटल्या, तर पंजाबातलं गाव विचारण्याआधी त्यांच्या आईचं मेक्सिकोतलं गाव विचारा.